तृणमण्यांचा डोंगर आणि बीजेच्या वड्या

प्रथम वंदन गजाननाला, ज्याच्या हातातला मोदक युगानुयुगे सरलेला नाही. वंदन शारदेला, जिच्या कृपेने मुक्या जिभेला गोडी फुटते. वंदन अन्नपूर्णेला, जी राजाच्या मुदपाकखान्यात आणि भिकाऱ्याच्या तीन दगडांच्या चुलीत एकाच मायेने फुंकर घालते. आणि वंदन त्या नारायणाला, ज्याचे रूप कोणी पाहिले नाही, तरी ज्याच्यासाठी जीव तळमळतो. त्याने ही कथा वदवून घ्यावी, आणि ऐकणाऱ्यांनी ती आपल्या भावाने गोड करून घ्यावी.

एका राज्यात एक तरुण राजा होता आणि त्याची एक थोरली बहीण होती. राजाचे नाव सोमध्वज, बहिणीचे नाव पद्मरेखा. आईबाप देवाघरी गेले तेव्हा सोमध्वजाला धड चालताही येत नव्हते. पद्मरेखेने त्याला कडेवर घेऊन वाढवले, कडेवर घेऊनच दरबारात बसवले, आणि मुकुट डोक्यावर ठरेल एवढा तो झाला तेव्हा स्वतःच्या हातांनी त्याला सिंहासनावर बसवून आपण पायरीशी उभी राहिली. राज्याला तो महाराज होता. तिला तो सोमा होता.

त्या राज्यात भाऊबीजेची एक रीत होती. बहिणीने भावाला ओवाळावे, आणि ओवाळून झाल्यावर आपल्या हातची खरपूस वडी त्याच्या मुखी घालावी. वडीला जिन्नस थोडे. कोरड्या कढईत साखर पसरायची, मंद आचेवर तिची तिला वितळू द्यायची, मधाचा रंग चढला की कोमट साय आणि लोणी सोडायचे, मिठाची कणी टाकायची. थेंब गार पाण्यात सोडून त्याची मऊ गोळी वळली की तूप लावलेल्या ताटात सारे ओतायचे, निवल्यावर कापायचे, आणि एकेक वडी वाळल्या केळीच्या पानात गुंडाळून ठेवायची. आजची मुले जिला कॅरॅमल म्हणतात तीच ही. तेव्हा तिला बीजेची वडी म्हणत. इतकी सोपी, की चुलीपाशी नव्याने बसणारी मुलगी पहिली हीच शिके.

एका वर्षी पाडव्याच्या सकाळी सोमध्वज घोड्यावर बसला. पद्मरेखा सज्जात उभी होती.

"सणाच्या दिवशी कुठे निघालास?"

"ओवाळणी आणायला, ताई."

"तुझ्या खजिन्यात काय कमी आहे?"

"खजिना वाडवडिलांचा. या वर्षी तुझ्या ताटात मी मिळवलेले काही पडेल. उद्या दिवे लागायच्या आत येतो. वड्या माझ्यासाठी झाकून ठेव, प्रधानजींच्या हाती लागू देऊ नकोस."

तो हसत गेला, आणि आला नाही.

बीजेची संध्याकाळ झाली. पाट मांडलेला, रांगोळी रेखलेली, वड्या झाकलेल्या. पश्चिमेला चंद्राची बारीक कोर दिसू लागली. ज्या बहिणीचा भाऊ जवळ नाही तिने चंद्राला ओवाळावे, असा सर्वत्र प्रघात आहे. पद्मरेखेने ताट उचलले, चंद्राकडे तोंड केले आणि निरांजन फिरवले. हात फिरत होता आणि डोळे रस्त्यावर होते. कोर मावळली. रस्ता रिकामाच राहिला.

उजाडताच ती घोड्याच्या टापांच्या मागाने निघाली. माग थेट तृणमण्यांच्या डोंगरापाशी संपला. तृणमणी म्हणजे मधाच्या रंगाचा दगड, आरपार उजेड जाणारा. त्या डोंगराच्या पोटात पश्चिमेकडे तोंड असलेली एक गुहा होती, गुहेत तृणमण्यांचा ढीग होता, आणि ढिगावर धूम्रकेश नावाचा मायावी बसलेला असे. त्याचे केस धुराचे होते आणि ते वाऱ्याशिवाय हलत.

"माझा भाऊ इथे आला," पद्मरेखा म्हणाली.

"आला. माझ्या ढिगाला हात लावून 'हे माझे' म्हणाला. जो असे म्हणतो तो ढिगाचाच होतो. असा येथला नियम आहे."

"तो कुठे आहे?"

"आत उभा आहे. त्याच्या आधी म्हणणारे त्याच्या शेजारी उभे आहेत. वर्षभर ते पुतळे असतात. वर्ष भरल्यावर येणाऱ्या बीजेची कोर मावळली की त्यांचे मणी होऊन ते ढिगात पडतात. फार काळ झाला, माझा ढीग असाच वाढतो आहे."

"उपाय सांग."

धूम्रकेशाला खोटे बोलता येत नसे. मायावी असला तरी त्यालाही नियम होता.

"ज्या हाताने तो वाढला त्या हातची बीजेची वडी त्याच्या मुखी पडली पाहिजे. पण साखर मुंग्यांच्या टेकडीवरची, दूध काळ्या तळ्याकाठच्या गाईचे, आणि विस्तव जळक्या अरण्यातल्या देवळीतला. या तिन्ही जागी फुकट काही मिळत नाही. आणि ऐक, चुकीच्या मुखी घालशील तर तूही दगड होऊ लागशील."

"वडी करणे कठीण नाही," पद्मरेखा म्हणाली.

"ते पुढच्या बीजेला पाहू," धूम्रकेश म्हणाला, आणि त्याचे केस हलले.

पद्मरेखेने राजमुद्रा प्रधानाच्या हाती दिली; पण तिन्ही जागांची वाट कोणालाच ठाऊक नव्हती. त्या वर्षी राज्यात कोणी अंगणात गाणे म्हटले नाही. बायका दळताना ओवीला सुरुवात करीत, भावाचे नाव येईपर्यंत जात आणि राजवाड्याकडे पाहून गप्प होत. जातेच तेवढे फिरत राही.

पावसाळा सरताना तिच्या खिडकीत एक साळुंकी येऊन बसली. ती बोलत असे, कारण त्या राज्यात साळुंक्या बोलत. राजाला तिने पाहिलेले नव्हते. पण तिन्ही वाटा तिच्या पंखांखालून गेलेल्या होत्या.

"राजकन्ये, रडून झाले असेल तर निघू या," साळुंकी म्हणाली. "कढई घे. वाटेत कढई उगवत नाही."

पद्मरेखेने कढई पाठीला बांधली, ओवाळायचे ताट कमरेला खोचले आणि ती निघाली. साळुंकी कढईच्या कडेवर बसली.

"जड झालीस ग," पद्मरेखा म्हणाली.

"कढई जड आहे. मी मुळात नाजूक."

पहिली वाट मुंग्यांच्या टेकडीची. टेकडी पांढरी होती, उन्हात डोळे दिपवणारी; ती सगळी साखर होती. कणाकणावर मुंगी होती आणि इतक्या मुंग्या असूनही तिथे श्वासाएवढाही आवाज नव्हता. मुंग्यांची राणी मुठीएवढी होती. तिने पद्मरेखेच्या बोटाला मिशी लावली, आणि शब्द तिच्या हाडांतून चढत आले.

"एक ताटभर वड्यांपुरती साखर देते. बदल्यात आवाज दे."

"माझा?"

"तुझ्या आवाजाला तू कधी कान दिला आहेस काय? जो आवाज ऐकून तुझा जीव जागचा उठतो, तो दे. आमच्या वारुळात कोणी कोणाला हाक मारलेली नाही. हाक म्हणजे काय, ते आम्हांला हवे आहे."

पद्मरेखेने डोळे मिटले. जिन्याच्या तळाशी उभा राहून कोणी लहानगा 'ताई' म्हणून ओरडत होता. सर्दीने भरलेला आवाज, मग फुटलेला आवाज, मग पुरुषी झालेला. एकाच हाकेची ही तीन वये. तिने ती तिन्ही एकदा पुरती ऐकली आणि बोट पुढे केले.

डोळे उघडले तेव्हा जिन्याच्या तळाशी मूल होतेच. त्याचे ओठ हलत होते, पण ऐकू काही येत नव्हते. मुंग्यांनी कणकण साखर तिच्या पदरात वाहून आणली. आणि त्या दिवसापासून त्या टेकडीला कान लावला तर आत कोणी कोणाला हाक मारल्याचे ऐकू येते.

"फार मागितले त्यांनी," वाटेत साळुंकी म्हणाली.

"दिले ते दिले. चेहरा आहे ना डोळ्यांपुढे."

दुसरी वाट काळ्या तळ्याची. तळ्याकाठी शुभ्र गाय उभी होती. तिचे वासरू वाघाने नेले होते. कास भरून दगडासारखी झाली होती, पण वासरावाचून पान्हा फुटत नव्हता. तिच्या खुरांखालची जमीन एकाच जागी उभी राहून खोल गेली होती.

"माय, मला थोडे दूध हवे," पद्मरेखा म्हणाली.

"मलाही ते द्यायचे आहे, बाई. पण त्याचा चेहरा मी विसरत चालले. रोज थोडा पुसट होतो. मला एखादा चेहरा दे. मनात धरीन, चाटीन, आणि पान्हा फुटेल."

साळुंकी पुढे झाली. "माझा घे. चोच पिवळी आहे, डोळ्यांभोवती पिवळी कडा आहे, पाहणारे सुरेख म्हणतात."

"तुला पाहून पान्हा फुटत नाही, पाखरा," गाय नम्रपणे म्हणाली.

पद्मरेखेला हसू आले आणि त्या हसण्यातच रडू आले. पहिला दात पडला तेव्हाचे बोळके, मुकुटाखाली आलेला घाम, हनुवटीवरचा तीळ, घोड्यावरून वळून पाहतानाचे हसू. तिने गाईच्या कपाळाला कपाळ टेकवले आणि सारे तिच्या हवाली केले.

गाईने हवेतच चाटायला सुरुवात केली, हळूहळू, डोळे मिटून. मग दुधाच्या धारा लागल्या. पद्मरेखेने तळ्याकाठी राहून दूध तापवले, साय धरली, विरजण लावून लोणी काढले. साय बिघडू नये म्हणून मडके तळ्याच्या गार पाण्यात बुडवून ठेवले. रात्री ती जिन्याच्या तळाशी पाही. तिथे कोणीतरी उभे असे. कोणाची तरी उंची होती, कोणाचे तरी हात पुढे होते. हनुवटीच्या वर नुसता उजेड होता.

तिसरी वाट जळक्या अरण्याची. काळ्या खोडांच्या मधोमध एक पडके देऊळ होते आणि त्याच्या भिंतीतल्या देवळीत एक ज्योत तेलावाचून तेवत होती.

"काय हवे?" ज्योत म्हणाली.

"विस्तव. एका कढईपुरता."

"मला सारे हाक मारतात ते कामापुरती. स्वयंपाक झाला की पाणी ओततात. मला पुष्कळ नावे आहेत. पण एकही कोणी प्रेमाने घेतलेले नाही. तू वाटभर एक नाव पुटपुटत आलीस. मी ते लांबून ऐकले. पाऊल टाकताना घेत होतीस, पाणी पिताना घेत होतीस. ते मला दे."

पद्मरेखा मागे सरली. आवाज देताना तिने मन घट्ट केले होते, चेहरा देताना कपाळ टेकवले होते. पण नाव हा शेवटचा धागा होता. देवाचे रूप दिसत नाही आणि वाणी ऐकू येत नाही, तेव्हा भक्त नामालाच धरून राहतो. नाम गेले तर धरायचे कशाला?

"माझे नाव घे," ती म्हणाली. "राजघराण्यातले आहे."

"तुझे नाव तू प्रेमाने घेत नाहीस. ते माझ्या काय कामाचे?"

"देऊ नकोस," साळुंकी घाईने म्हणाली. "दुसरा विस्तव शोधू. गारगोटी घासू. मी सूर्याकडे जाऊन येते."

"बीज उद्यावर आली आहे," पद्मरेखा म्हणाली.

ती देवळीपुढे बसली आणि ते नाव तिने मोठ्याने उच्चारले, बारशाच्या दिवशी पाळण्याशी वाकून उच्चारतात तसे. ज्योत उंच झाली. पद्मरेखेने पुन्हा तोंड उघडले, तेव्हा जिभेवर काही नव्हते. साळुंकीने तिला ते सांगावे म्हणून चोच उघडली. तिच्याही चोचीत काही नव्हते. आणि या कथेतूनही ते नाव त्या क्षणी गेले. सांगणाऱ्याने ते आता घेऊ नये, ऐकणाऱ्यांनीही घेऊ नये.

विस्तव मडक्यात घेऊन ती चालू लागली. तिला ठाऊक होते की ती कोणासाठी तरी चालली आहे. कोणासाठी, ते ठाऊक नव्हते. आठवण गेली होती आणि ओढ तशीच होती. किंबहुना वाढली होती, कारण आता तिला अडायला जागाच उरली नव्हती. साऱ्या अरण्यात ती ओढ भरून राहिली. झाडाच्या आड कोणी असेल असे वाटे, वळणापलीकडे कोणी असेल असे वाटे, आणि कोणी नसे. ज्याला रूप नाही, शब्द नाही, नाव नाही, त्याच्यासाठी असे तळमळणे साधूंच्या वाट्याला येते म्हणतात. पद्मरेखेच्या वाट्याला ते कढई पाठीवर असताना आले.

बीजेच्या दुपारी ती गुहेच्या तोंडाशी पोचली. धूम्रकेश ढिगावर बसलेला होता.

"आलीस. कोणासाठी आलीस?"

"ते मी देऊन आले," पद्मरेखा म्हणाली.

मायावी हसला. तो उत्तर ऐकून समाधान पावला आणि त्याने तिला चूल मांडू दिली.

तिने तीन दगड लावले, विस्तव पेटवला, कढई ठेवली, साखर पसरली. आता साखरेला कोणी हात लावायचा नसतो. दूध आटवायचे तर ढवळत राहावे लागते. वडीची साखर वितळायची तर हात मांडीवर ठेवून बसावे लागते. पद्मरेखेला हे लहानपणापासून ठाऊक होते. पण ऊन कलत होते, आत पुतळे उभे होते, आणि वर्षभराची ओढ हातात उतरली होती. कडेची साखर जराशी पाघळताच हाताने आपोआप उलथणे उचलले आणि भराभर फिरवले.

साखर वितळायची थांबली. तिचे खडे झाले, खड्यांना खडे चिकटले, आणि कढईत वाळूसारखा कोरडा लगदा उरला.

"झाले!" साळुंकी म्हणाली. "वाटेतल्या कुठल्याही पोरीला विचारले असतेस तरी सांगितले असते, हात आवर म्हणून."

पद्मरेखेने कढई खाली उतरवली आणि ओंजळीत तोंड लपवले. वरून धूम्रकेश म्हणाला, "सोपी आहे म्हणाली होतीस."

"सोपीच आहे," पद्मरेखा म्हणाली. "मीच थांबले नाही."

तिने खड्यांवर गुहेच्या तोंडाशी वाहणाऱ्या झऱ्याचे पाणी ओतले, कढई पुन्हा मंद विस्तवावर ठेवली, आणि उलथणे साळुंकीकडे दिले.

"यावर बस. मी मागितले तरी देऊ नकोस."

"शेवटी माझ्या जडपणाचा उपयोग झाला," साळुंकी म्हणाली आणि बसली.

पद्मरेखेने हात मांडीवर ठेवले. खडे विरघळले, पाणी उडून गेले, बुडबुडे मोठे झाले, मग दाट आणि आळशी झाले. ती नुसती पाहत होती. अधूनमधून कढईचे कान धरून ती जराशी कलती करी, एवढेच. रंग आधी वाळल्या गवताचा झाला, मग मधाचा, मग त्याहून गडद, आणि धुरकट गोड वास गुहेत गेला. आणखी एक क्षण आणि कडू झाले असते. तिने कोमट साय सोडली. पाक फुसफुसत कढईभर उसळला आणि बसला. लोणी गेले, मिठाची कणी गेली. थेंब गार पाण्यात टाकला. त्याची बोटांत मऊ गोळी वळली. तिने ताटात ओतले आणि ते ताट झऱ्याच्या ओल्या दगडावर निवत ठेवले.

निवेपर्यंत पश्चिमेला कोर दिसू लागली होती.

ती गुहेत गेली. पुतळे रांगांनी उभे होते, मधाच्या रंगाचे, आरपार उजेडाचे. किती होते ते तिने मोजले नाही. कोणी राजपुत्र होता, कोणी गुराखी, कोणी दाढीवाला व्यापारी. प्रत्येकाचा हात पुढे होता आणि ओठ उघडे होते. कारण प्रत्येकजण 'माझे' म्हणताम्हणता थिजला होता. ती एकापुढून दुसऱ्यापुढे गेली. एकही चेहरा तिला ओळखीचा वाटला नाही. आणि नवल असे, की एकही परका वाटला नाही.

"निवड," धूम्रकेश म्हणाला. "यांतला एक तुझा आहे. बाकीचे तुझे कोणी नव्हेत."

"निवडायला माझ्यापाशी खूण नाही."

"मग परत जा."

"आज बीज आहे," पद्मरेखा म्हणाली. "ताट माझ्या हातात आहे, आणि समोर इतके भाऊ उभे आहेत. यांच्या बहिणींनी कुठेतरी आत्ता चंद्राकडे तोंड केले असेल. एकाला ओवाळून बाकीच्यांना पाठ कशी दाखवू?"

"प्रत्येक चुकीच्या मुखासाठी दगड व्हावे लागेल. आणि वड्या एवढ्या नाहीत."

"वड्या लहान कापीन. प्रसाद कणाएवढा असला म्हणून तो कमी होत नाही."

तिने सुरीला तूप लावले आणि तुळशीच्या पानाएवढे तुकडे केले. निरांजन लावले, पहिल्या पुतळ्याला कुंकू लावले, ओवाळले आणि तुकडा त्याच्या ओठांत ठेवला. तिच्या डाव्या पायाची बोटे मधाच्या रंगाची झाली आणि जड पडली. तिने दुसऱ्याला ओवाळले. घोटा गेला. ती पाय ओढत पुढे गेली. गुराख्याला ओवाळले, व्यापाऱ्याला ओवाळले, मिसरूड फुटलेल्या एकाला, पांढऱ्या भुवयांच्या एकाला. गुडघे गेले, तेव्हा ती सरपटली. कंबर गेली, तेव्हा बसल्या जागेवरून हात उंच करून तिने शेवटच्या रांगेकडे निरांजन फिरवले.

"इतक्या लांब माझा हात पोचत नाही," ती म्हणाली.

"माझी चोच पोचते," साळुंकी म्हणाली. "मी उष्टे करणार नाही, भिऊ नकोस. जीभ आत घेऊन नेते."

एकेक तुकडा चोचीत धरून ती शेवटच्या रांगेतल्या ओठांपर्यंत गेली आणि आली. ताटात एकच तुकडा उरला.

काहीही झाले नाही. पुतळे तसेच उभे होते. बाहेर कोर डोंगराच्या धारेला टेकू लागली होती. पद्मरेखेचा डावा हात खांद्यापर्यंत दगड झाला होता.

"सर्वांना दिले!" साळुंकी ओरडली. "एकही राहिला नाही!"

पद्मरेखेने मान जेवढी वळत होती तेवढी वळवली. ढिगावर धूम्रकेश बसलेला होता, एक हात तृणमण्यांवर ठेवून. तोच हात, तसाच पुढे. ओठ तसेच जरासे उघडे.

"एकजण राहिला आहे," ती म्हणाली. "दादा, खाली उतरा. माझ्याने येववत नाही."

मायाव्याचे केस हलायचे थांबले.

"मला दादा म्हणालीस?"

"ढीग पहिल्यांदा कोणी पाहिला? 'माझे' असे पहिल्यांदा कोण म्हणाले?"

त्याने हाताखालच्या ढिगाकडे पाहिले. मग म्हणाला, "मला ओवाळणारी होती. ती वाट पाहत असेल असे मला पुष्कळ दिवस वाटे. मग ढीग मोठा झाला."

"या," पद्मरेखा म्हणाली.

तो उतरला. ढिगावरचा हात त्याने उचलला तेव्हा कातडे सोलल्यासारखा तो कळवळला. तो तिच्यापुढे मांडी घालून बसला, लहान मुलासारखी मान वाकवून. तिने त्याच्या धुरकट कपाळाला कुंकू लावले, एका हाताने ओवाळले आणि शेवटचा तुकडा त्याच्या मुखी घातला. त्याने तो चघळला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि केसांतला धूर निघून खाली साधे पांढरे केस राहिले.

'माझे' म्हणणारा पहिला हात सुटला, तसा साऱ्यांना धरून ठेवणारा तो ढीग वितळला. मणी पाझरले, एकमेकांत मिसळले, आणि मधासारखा तो सारा खजिना दगडाच्या भेगांतून भूमीत जिरून गेला. पुतळ्यांच्या गालांवरून तांबूस थेंब ओघळले. पहिला खोकला, दुसऱ्याने पापण्या हलवल्या, तिसरा म्हणाला, "गोड आहे." पद्मरेखेच्या पायांत मुंग्या आल्या आणि पाय तिचे झाले. कोर तेव्हा मावळली.

गुहेत एकच गलबला झाला. कोणी दिशा विचारत होता, कोणी राज्य विचारत होता, कोणी आपली गुरे विचारत होता. प्रत्येकाने येऊन तिच्या पाया पडावे आणि ओवाळणी म्हणून ताटात काही ठेवायला खिसा चाचपावा, तर खिशात काहीच नाही.

"जा," ती प्रत्येकाला म्हणाली. "घरी वाट पाहत आहेत."

धूम्रकेश नावाचा म्हातारा साऱ्यांच्या मागून उतरला. साळुंकी त्याला मळवाटेपर्यंत सोडून आली. तिने त्याला वाटेत एक टोमणा मारला नाही, ही तिची त्या दिवसाची सेवा.

सारे गेले. पद्मरेखा चुलीपाशी बसली. विस्तव निवला होता. ती ज्याच्यासाठी आली होती तोही यांच्यातूनच गेला असेल, असे तिला वाटले. आपण त्याला ओळखले नाही, त्यानेही धांदलीत आपल्याला ओळखले नसेल. सुटला, एवढे खरे. तिने कढई उचलायला हात पुढे केला.

कढई दुसऱ्याच कोणाच्या मांडीवर होती. एक तरुण चुलीपलीकडे बसून तळाला लागलेली खरवड बोटाने काढून खात होता, अगदी निवांत, जगात दुसरे काही काम नसल्यासारखा.

"तुम्हांला जायचे नाही?" तिने विचारले. "वाट सापडत नाही का?"

"वाट ठाऊक आहे," तो म्हणाला. "तू उठलीस की निघू."

आवाज तिने कधी ऐकलेला नव्हता. चेहरा तिने कधी पाहिलेला नव्हता. हनुवटीवर तीळ होता, तो तिने नव्याने पाहिला. तिची ओढ, जी सारे अरण्य भरून राहिली होती, ती आपसूक येऊन त्या एका माणसापाशी थांबली, पाणी उताराच्या तळाशी थांबते तशी.

"तुझे नाव काय?" तिने विचारले.

तो चकित झाला. मग तिच्या तोंडाकडे पाहून त्याला काहीतरी कळले, आणि त्याने चेष्टा केली नाही. कढई खाली ठेवून तो तिच्या कानाशी वाकला.

"सोमध्वज. तू सोमा म्हणतेस, ताई."

तिने ते नाव एकदा मनात घेतले, एकदा ओठांवर घेतले, आणि मग मोठ्याने घेतले. दिलेले तिने कोणाकडे परत मागितले नाही. गाईचा चेहरा गाईपाशी राहिला, मुंग्यांची हाक मुंग्यांपाशी, आणि देवळीतली ज्योत अजून ते नाव जपत तेवते. पद्मरेखेने आपला भाऊ पुन्हा पहिल्यापासून पाहायला घेतला.

"ओवाळणी आणायला गेलो होतो," तो खाली मान घालून म्हणाला. "रिकाम्या हाताने आलो."

"हात कुठे रिकामा आहे? कढई धर. मी आता वाहणार नाही."

"आणि मी कशावर बसू?" साळुंकी म्हणाली.

"महाराजांच्या खांद्यावर," पद्मरेखा म्हणाली, आणि तिघे डोंगर उतरले.

सोमध्वज सिंहासनावर बसला, प्रधानाने मुद्रा परत केली, आणि जात्यावरच्या ओवीतले अडलेले नाव बायकांनी पुढे म्हटले. त्या राज्यात भाऊबीजेच्या वड्या तेव्हापासून लहान कापतात, तुळशीच्या पानाएवढ्या. दारावरून जाणारा कोणीही असो, एक तुकडा त्याचा असतो.

ही कथा ज्यांनी ऐकली त्यांच्या घरची चूल कधी विझू नये, आणि त्यांच्या हातून साखर कधी करपू नये. ज्या घरी कोणी वाट पाहत असेल त्या घरी वाट पाहिलेला पोचो. ज्याला ओवाळणारे कोणी नाही त्याला बहीण भेटो, जिच्या पाटावर कोणी नाही तिला भाऊ भेटो. आणि ज्यांची तळमळ अशी आहे की कोणासाठी ते त्यांनाही सांगता येत नाही, त्यांच्या अंगणात नारायण स्वतः येऊन बसो. सर्वांचे, घराघराचे, कल्याण असो.